‘गेट’चा अर्थ ओळखायचा कसा? इंग्रजी नव्याने शिकणाऱ्यांसाठी

इंग्रजी शिकायला घेतलं की सुरुवातीलाच वहीत एक ओळ येते: ‘गेट’ म्हणजे मिळणे. मग कोणीतरी ‘इट्स गेटिंग लेट’ म्हणतं आणि उशीर नेमका कोणाला मिळाला ते कळेनासं होतं. त्यापाठोपाठ ‘आय डोन्ट गेट इट’, ‘ही गॉट फायर्ड’, ‘गेट ऑफ द बस’ येतात. वहीतली यादी लांबत जाते आणि एका टप्प्यावर माणूस ती सोडून देतो. सोडून दिली हे चांगलंच केलं. यादी पाठ करून हा शब्द येत नाही.

इंग्रजीत अनेक अर्थांचे शब्द पुष्कळ आहेत. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. पुढच्या सुधारणेत ‘रन’ने त्याला मागे टाकलं. क्रियापद म्हणून ‘रन’चे ६४५ अर्थ नोंदवले गेले. ‘गेट’ या शर्यतीत पहिला नाही, पण वापरात फार वरचा आहे. ऑक्सफर्डने प्रत्यक्ष वापरातल्या मजकुरावरून काढलेल्या क्रियापदांच्या क्रमवारीत ‘बी’, ‘हॅव’, ‘डू’, ‘से’ यांच्यामागोमाग त्याचा पाचवा क्रमांक लागतो. म्हणून शिकणाऱ्याने ‘रन’आधी ‘गेट’ला हात घालावा, असं माझं मत आहे.

घाबरायचं कारण नाही, कारण असा शब्द आपण रोज सहज वापरतो. ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, फोन लागतो, वेळ लागतो, नाद लागतो. ‘बस लागली’ म्हटल्यावर ती फलाटाला लागली की पोटात ढवळायला लागलं, हेही आपल्याला क्षणात उमगतं. ‘लागणे’चे अर्थ आपण कधी घोकले नाहीत. शेजारी कोणता शब्द बसलाय ते पाहतो आणि अर्थ लावतो. ‘गेट’चंही तसंच आहे, फक्त तिथे पाहायचा तो शब्द बहुतेक वेळा ‘गेट’च्या नंतर येतो. या लेखातली प्रत्येक पायरी म्हणजे ‘पुढे काय आलंय ते बघा’ याच एका सवयीचा सराव आहे.

आधी उच्चार आणि रूपं

देवनागरीत आपण दाराला ‘गेट’ लिहितो आणि या क्रियापदालाही ‘गेट’च लिहितो. इंग्रजीत मात्र दोन्ही वेगळे ऐकू येतात. दाराच्या ‘गेट’मधला ‘ए’ लांबतो आणि शेवटाला ‘इ’कडे झुकतो, तर क्रियापदातला ‘ए’ तोकडा, झटकन तोडलेला असतो. मराठीत ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ असा भेद लिहीत नाहीत, त्यामुळे आपल्या तोंडी दोन्ही सारखेच होतात. ‘लेट’ या उशिराच्या शब्दाशी यमक जुळलं तर ते दार, ‘पेट’ या पाळीव प्राण्याच्या शब्दाशी जुळलं तर क्रियापद. दोन-तीनदा मोठ्याने म्हणून बघा.

अमेरिकी बोलण्यात ‘गेट’नंतर स्वर आला की ‘ट’ मऊ पडून ‘ड’सारखा होतो. ‘गॉट इट’ हे ‘गाडिट’ आणि ‘गेट आउट’ हे ‘गेडाउट’ असं कानावर पडतं. ऐकताना शब्दच सापडत नाही अशी तक्रार असेल तर बहुधा अडतं ते इथे.

रूपं सोपी आहेत. ब्रिटिश इंग्रजीत ‘गेट, गॉट, गॉट’. अमेरिकेत तिसरं रूप बरेचदा ‘गॉटन’ होतं. ते नवं किंवा अशुद्ध नाही. ब्रिटनमध्ये मागे पडलेलं जुनं रूप अमेरिकेत टिकून राहिलं, एवढंच. ‘फरगॉटन’मध्ये ते दोन्हीकडे अजून आहे. अमेरिकी माणूस ‘आय हॅव गॉटन अ जॉब’ म्हणतो तेव्हा त्याला नोकरी मिळाल्याचं सांगायचं असतं, आणि ‘आय हॅव गॉट अ जॉब’ म्हणतो तेव्हा नोकरी असल्याचं. ब्रिटिश माणूस दोन्हींसाठी ‘गॉट’च वापरतो. तुम्ही कोणतंही एक धरा, फक्त एकाच पत्रात दोन्ही मिसळू नका.

पायरी पहिली: पुढे वस्तू असेल तर

‘गेट’नंतर नाम आलं की वहीतला जुना अर्थ चालतो. ‘आय गॉट अ लेटर’, मला पत्र मिळालं. ‘व्हेअर डिड यू गेट दॅट बॅग?’, ती पिशवी कुठून घेतलीस? ‘गेट मी अ चेअर’, मला खुर्ची आणून दे. मिळणे, मिळवणे, विकत घेणे, आणून देणे ही सगळी एकाच घरची मंडळी आहेत. वस्तू तुमच्याकडे नव्हती, आता आहे किंवा येणार आहे.

याच घरात काही वाकडेतिकडे पाहुणेही आहेत. ‘गेट अ कोल्ड’ म्हणजे सर्दी होणे, ‘गेट अ बस’ म्हणजे बस पकडणे. दारावरची बेल वाजल्यावर कोणी ‘आय विल गेट द डोअर’ म्हणालं, तर ते दार आणायला निघालेले नाहीत, उघडायला निघाले आहेत. फोन वाजत असताना ‘कॅन यू गेट दॅट?’ म्हणजे तेवढा फोन उचलतोस का. आणि वस्तूच्या जागी बोलणं किंवा विनोद आला की अर्थ ‘कळणे’ होतो. ‘आय डिडन्ट गेट द जोक’, विनोद डोक्यावरून गेला. ‘गॉट इट’, आलं लक्षात. ‘डोन्ट गेट मी राँग’, माझ्या बोलण्याचा भलता अर्थ काढू नकोस.

पायरी दुसरी: पुढे विशेषण असेल तर

इथे ‘मिळणे’ विसरायचं. ‘गेट टायर्ड’, ‘गेट अँग्री’, ‘गेट वेट’, ‘गेट ओल्ड’, ‘गेट बेटर’ या सगळ्यांत ‘गेट’ म्हणजे होणे. मराठीत कित्येकदा ‘होणे’ही लागत नाही, क्रियापदच पुरतं: थकणे, रागावणे, भिजणे, म्हातारपण येणे, बरं वाटू लागणे.

‘बी’ आणि ‘गेट’ यांतला फरक इथे नीट धरून ठेवा. ‘शी वॉज अँग्री’ म्हणजे ती रागात होती, ‘शी गॉट अँग्री’ म्हणजे ती रागावली. पहिल्यात अवस्था आहे, दुसऱ्यात बदल. ‘ही इज मॅरीड’ आणि ‘ही गॉट मॅरीड’ यांत तोच फरक आहे. या शब्दापुढे मराठी माणूस हमखास ‘विथ’ लावतो, कारण आपण ‘तिच्याशी लग्न केलं’ म्हणतो. इंग्रजीत तिथे ‘टू’ येतं: ‘ही गॉट मॅरीड टू हर’.

आता एक खबरदारी. ‘होणे’ दिसलं की ‘गेट’ टाकायचं, असा सरसकट नियम करू नका. ‘ती डॉक्टर झाली’ याचं ‘शी गॉट अ डॉक्टर’ केलंत, तर तिने कुठून तरी डॉक्टर मिळवला असा अर्थ होईल, कारण पुढे नाम आलं आणि तुम्ही पहिल्या पायरीवर परत गेलात. तिथे ‘शी बिकेम अ डॉक्टर’ हवं. रंग बदलताना बहुधा ‘टर्न’ येतं, ‘टर्न्ड रेड’. टक्कल पडणे, आंधळं होणे, नासणे यांना ‘गो’ लागतं: ‘गो बॉल्ड’, ‘गो ब्लाइंड’, ‘गो बॅड’. असं का, याचं समाधानकारक कारण शोधत बसू नका. जोड्या कानाला सवयीच्या होतील तेवढ्यावर भागवा.

पायरी तिसरी: पुढे ठिकाण असेल तर

अर्थ ‘पोहोचणे’. ‘व्हेन डिड यू गेट टू द स्टेशन?’, स्टेशनवर कधी पोहोचलास? ठिकाणाआधी ‘टू’ येतं, पण ‘होम’, ‘हिअर’ आणि ‘देअर’ यांच्याआधी येत नाही. ‘आय गॉट टू होम’ ही चूक इतकी सर्वत्र आहे की ती ऐकूनच अनेकांना बरोबर वाटू लागली आहे. ‘आय गॉट होम’ म्हणा.

वाहनांचं प्रकरण याच पायरीवर उरकून घेऊ. गाडीत आणि टॅक्सीत ‘गेट इन’, बाहेर पडताना ‘गेट आउट’. बस, रेल्वे, विमान, जहाज, सायकल आणि घोडा यांवर ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. ज्यात वाकून शिरावं आणि लगेच बसावं लागतं त्याला ‘इन’, ज्यात उभं राहून चालता येतं किंवा ज्यावर पाय टाकून बसतात त्याला ‘ऑन’, एवढी खूण पुरे. मराठीत आपण बसमधून ‘उतरतो’, म्हणजे खाली येतो, म्हणून तोंडातून ‘गेट डाउन’ निघतं. भारतीय इंग्रजीत ते रुळलंय आणि समजतंही. बाहेरच्या श्रोत्याला मात्र झाडावरून किंवा शिडीवरून उतरायला सांगितल्यासारखं वाटतं. ‘गेट डाउन टू वर्क’ ही आणखी निराळी गोष्ट: कामाला लागणे.

पायरी चौथी: ‘गेट’पुढे ‘टू’ आणि क्रियापद

ही पायरी सगळ्यात निसरडी आहे, इथे सावकाश चला.

‘आय गॉट टू मीट हर’ म्हणजे मला तिला भेटायला मिळालं. मराठीतलं ‘करायला मिळणे’ इथे जसंच्या तसं बसतं. संधी, परवानगी, नशीब असा काहीतरी भाव त्यात असतो. म्हणून ‘आय गॉट टू वॉश द डिशेस’ हे वाक्य सरळ चेहऱ्याने म्हटलंत तर ऐकणारा हसेल, कारण भांडी घासायला मिळाली याचा तुम्हाला आनंद झालाय असं ते वाटतं.

‘आय हॅव गॉट टू गो’ हे वेगळं. इथे ‘हॅव गॉट’ मिळून ‘हॅव’एवढाच अर्थ उरतो आणि सगळं वाक्य ‘मला जायला हवं’ असं होतं. ‘गॉट’ दिसतं म्हणून भूतकाळ समजू नका, हे वर्तमानकाळातलं बोलणं आहे. ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजेही ‘माझ्याकडे गाडी आहे’, होती नव्हे. होती असेल तर सरळ ‘आय हॅड अ कार’.

गंमत पुढे आहे. भरभर बोलताना ‘हॅव’ गळून पडतं आणि ‘आय गॉट टू गो’ उरतं, त्याचंच आणखी आखडलेलं रूप ‘गॉटा’. म्हणजे ‘आय गॉट टू गो’ या एकाच ओळीचे ‘मला जायला मिळालं’ आणि ‘मला निघायलाच हवं’ असे दोन अर्थ होतात. ओळखायचं कसं? काळाकडे बघा. ‘लास्ट इयर’ किंवा ‘येस्टरडे’ असं काही जवळपास असेल तर जायला मिळालं. माणूस खुर्चीवरून उठत, घड्याळाकडे पाहत बोलत असेल तर तो निघालाय.

‘गेट टू नो’ म्हणजे हळूहळू ओळख होणे. ‘गेट यूज्ड टू’ म्हणजे सवय होणे, आणि त्यापुढे क्रियापद आलं तर ते ‘इंग’वालं: ‘आय गॉट यूज्ड टू वेकिंग अप अर्ली’. तिथे ‘वेक अप’ लिहिलंत तर चूक. कधी ‘टू’पुढे क्रियापदाऐवजी माणूस येतो. ‘द नॉइज इज गेटिंग टू मी’, या आवाजाने माझं डोकं उठलंय.

पायरी पाचवी: पुढे क्रियापदाचं तिसरं रूप

‘ही गॉट कॉट’, तो पकडला गेला. ‘शी गॉट प्रमोटेड’, तिला बढती मिळाली. हा कर्मणी प्रयोगच आहे, फक्त ‘वॉज’च्या जागी ‘गॉट’. हा बोलण्यातला प्रकार आहे आणि आपल्यावर काहीतरी ओढवलं किंवा आपल्या वाट्याला आलं अशा घटनांना तो शोभतो. कोणी केलं हे सांगणं त्यात बहुधा महत्त्वाचं नसतं. ‘माहीत असणे’, ‘आवडणे’ अशा स्थिर अर्थाच्या क्रियापदांबरोबर तो जमत नाही.

मध्ये वस्तू घातली की मराठी माणसाला सगळ्यात जवळचा वाटावा असा प्रयोग तयार होतो. ‘आय गॉट माय फोन रिपेअर्ड’, फोन दुरुस्त करून घेतला. ‘आय गॉट माय हेअर कट’, केस कापून घेतले. आपलं ‘करून घेणे’ म्हणजे हेच. पण बोलताना आपण सरळ ‘मी केस कापले’ असंही म्हणतो आणि कात्री कोणाच्या हातात होती ते सगळ्यांना ठाऊक असतं. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हटलंत तर आरशासमोर उभं राहून तुम्हीच कापले असं समजतील.

याच सांगाड्याचा एक फसवा भाऊ आहे. ‘आय गॉट माय फिंगर कॉट इन द डोअर’ याचं ‘दारात बोट चेमटून घेतलं’ असं भाषांतर करून कोणी मुद्दाम केल्याचा आरोप ओढवून घेऊ नका. दारात बोट चेमटलं, एवढंच. कोणी स्वखुशीने करून घेईल अशी गोष्ट आहे का, हे विचारलं की उत्तर मिळतं.

दुसऱ्याकडून काम करवायचं असेल तर ‘गेट’नंतर माणूस, मग ‘टू’ आणि क्रियापद: ‘आय गॉट हिम टू साइन’. समजावून, मागे लागून, गळी उतरवून मी त्याला सही करायला लावली. ‘आय मेड हिम साइन’मध्ये जबरदस्ती आहे आणि ‘टू’ नाही. ‘गेट’मध्ये ‘टू’ हवाच. दोन्ही प्रयोग शेजारी लिहून ठेवा, कारण यांची अदलाबदल वर्षानुवर्षं इंग्रजी बोलणारेही करतात.

छोट्या शब्दांची शेपटी

‘अप’, ‘ओव्हर’, ‘थ्रू’, ‘बाय’ असे शब्द चिकटले की शब्दकोशात पानंच्या पानं भरतात. सगळे एकदम घेऊ नका. मी निवडले तर हे निवडीन.

‘गेट अप’ म्हणजे अंथरुणातून उठणे. जाग येणे म्हणजे ‘वेक अप’, आणि या दोन्हींमध्ये बराच वेळ जाऊ शकतो. ‘गेट ओव्हर’ म्हणजे आजारातून किंवा दुःखातून सावरणे. ‘गेट इट ओव्हर विथ’ झालं की अर्थ पालटतो: नकोसं काम एकदाचं उरकून टाकणे. ‘गेट थ्रू’ म्हणजे फोन लागणे किंवा कठीण काळ निभावणे. ‘आय कान्ट गेट थ्रू टू हिम’ म्हणजे मात्र त्याच्या डोक्यात माझं म्हणणं शिरतच नाही. ‘गेट बाय’, कसंबसं भागवणे. ‘गेट अलाँग’, एकमेकांशी पटणे. ‘गेट अवे विथ’साठी मराठीत ‘पचणे’ इतका चपखल शब्द दुसरा नाही: त्याला ती लबाडी पचली. ‘व्हॉट आर यू गेटिंग ॲट?’, तुला म्हणायचंय तरी काय? ‘गेट अराउंड टू’, मागे पडलेल्या कामाला अखेर हात लागणे. ‘गेट रिड ऑफ’, टाकून देणे किंवा पिच्छा सोडवणे.

‘गेट लॉस्ट’ जपून वापरा. ‘वी गॉट लॉस्ट’ म्हणजे आम्ही वाट चुकलो, पण समोरच्याला नुसतं ‘गेट लॉस्ट’ म्हटलंत तर ‘चालता हो’.

कुठे वापरू नये

बोलण्यात आणि मित्राच्या पत्रात ‘गेट’ मोकळेपणाने वापरा. अर्ज, अहवाल, शोधनिबंध यांत मात्र नेमका शब्द शोधा: मिळण्यासाठी ‘रिसीव्ह’ किंवा ‘ऑब्टेन’, होण्यासाठी ‘बिकम’, पोहोचण्यासाठी ‘अराइव्ह’ किंवा ‘रीच’, कळण्यासाठी ‘अंडरस्टँड’. याचा उलटा फायदाही आहे. वाचताना अडलात की ‘गेट’च्या जागी यांतला एकेक शब्द ठेवून पाहा. जो बसेल तो अर्थ.

काही शिक्षक ‘गेट’ला लेखनातून पुरतं हद्दपार करायला सांगतात. ते मला पटत नाही. संवाद लिहिताना ‘व्हेन डिड यू अराइव्ह ॲट युअर होम?’ असं कोणी बोलत नाही.

आता स्वतः करून पाहा

खालचं वाक्य वाचा आणि प्रत्येक ‘गॉट’ किंवा ‘गेट’नंतरचा शब्द बोटाने दाखवा.

‘व्हेन आय गॉट होम, आय गॉट अ कॉल फ्रॉम द गॅराज: दे हॅड गॉट द इंजिन टू स्टार्ट, बट आय नीडेड टू गेट द ब्रेक्स चेक्ड बिफोर दे गॉट एनी वर्स.’

पहिल्यापुढे घर आहे, म्हणून पोहोचणे. दुसऱ्यापुढे नाम, मिळणे, म्हणजे इथे फोन येणे. तिसऱ्यापुढे इंजिन, मग ‘टू’ आणि क्रियापद. माणसाऐवजी यंत्र आहे, पण त्यालाही मनवूनच चालू केलंय. चौथ्यापुढे वस्तू आणि तिसरं रूप, तपासून घेणे. पाचव्यापुढे विशेषण, होणे. मराठीत हे साधारण असं येईल: घरी पोहोचलो तोच गॅरेजमधून फोन आला, इंजिन त्यांनी एकदाचं सुरू केलं होतं, पण ब्रेक आणखी बिघडायच्या आत तपासून घ्यायला हवे होते.